बसलं का?

बेलो ओरिझोन्तेत रात्रीचे दोन.
जुसारा तिसरी कॉफी थंड होऊ देते.
पडद्यावर एका परजीवीचं प्रथिन,
सुटलेल्या लोकरीच्या गुंड्यासारखं,
आणि त्याच्या कुशीत एक खळगा.

चार लाख रेणू रांगेत आहेत.
यंत्र एकेकाला उचलतं,
वळवतं, उलटं करतं, हातपाय मुडपून
खळग्यात घालून बघतं
आणि आकडा लिहितं:
उणे सहा. उणे पाच पूर्णांक आठ.
इथे जितकं जास्त उणं, तितकं बरं.

रखवालदार दिर्सेऊ फेरीवर येतो,
दारातूनच विचारतो,
बसलं का?

त्याच्या कॉलरबोनखाली
काडेपेटीएवढा उंचवटा आहे; आत पेसमेकर.
जेकितिन्योन्याच्या खोऱ्यात, कुडाच्या घरात,
भिंतीच्या भेगांतून तो किडा यायचा.
तिकडे त्याला न्हावी म्हणतात,
रात्री गालापाशी येतो म्हणून.
सहाव्या वर्षी दिर्सेऊचा एक डोळा सुजला होता,
आईने मिठाच्या पाण्याने धुतला, उतरला.
पुढे चाळीस वर्षं काहीच नाही.
मग डॉक्टर म्हणाले, तुमचं हृदय मोठं आहे.
त्याला आधी वाटलं, कौतुक करतायत.

मी शेजारच्या खुर्चीत, पाहुणा,
त्याचा प्रश्न मनात माझ्या भाषेत घोळवतो.
आमच्याकडे गळा बसतो, धूळ बसते,
घडी बसते, भुर्दंड बसतो,
विश्वास बसतो किंवा बसत नाही.
एका क्रियापदावर आम्ही किती ओझं टाकलंय.

मार्चमध्ये एक रेणू आला होता, उणे अकरा पूर्णांक दोन.
जुसाराने सगळ्यांना चीजचे पाव खिलवले.
मिलिग्रॅमभर पूड मागवायला
अर्ध्या वर्षाची शिल्लक गेली.
खालच्या मजल्यावर एव्हानिल्देने ती नळीत सोडली,
दोन दिवसांनी जिना चढून आली,
हातमोजे काढले
आणि नुसती मान हलवली.
प्रथिनाला कुणी आल्याचं कळलंही नव्हतं.

मग तीन आठवडे
जुसारा त्याच एका खळग्याकडे बघत राहिली.

घोळ सुरुवातीलाच होता.
स्फटिकाच्या मूळ चित्रात
पाण्याचे लाल ठिपके असतात, शंभर-दीडशे.
रीत म्हणून आपण ते पुसतो. एक आज्ञा, सगळे गेले.
त्यातला एक आत, अगदी मागे,
दोन्ही हायड्रोजनांनी भिंत धरून
बसून होता, कोण जाणे किती काळ.
आपला अकरा पूर्णांक दोनवाला
त्याच्या मांडीवर बसवला होता आपण.
जागा रिकामी नव्हती.
आपणच झाडून घेतली होती.

आज तिने तो एक ठिपका परत ठेवलाय.
यादी कोसळते.
पहिले शंभर कुठल्या कुठे जातात
आणि एक हजार नऊशे सतरावा,
कुणी ढुंकून न पाहिलेला, आखूड, एका कडीचा,
वर येतो चौदाव्या जागी.
पाण्याला हलवत नाही.
त्याच्याशी हात मिळवून उभा राहतो.
उणे आठ पूर्णांक तीन. चीजचे पाव आणावेत असा आकडा नाही.

एव्हानिल्देकडे तो स्वस्तात, जुन्या बाटलीत, होताच.
शुक्रवारी तिने लिहून पाठवलं:
थांबत नाही. मंदावतं.

मंदावणं आणि गोळी यांच्यामध्ये
बारा वर्षं, उंदीर, यकृत, पैसे,
आणि बहुतेक वेळा काहीच नाही.
हे जुसाराला ठाऊक आहे. दिर्सेऊलाही तिने सांगितलंय,
आणि हेही की त्याच्या हृदयात जे झालं
ते गोळीने मागे जाणार नाही.
तरी तो विचारतो.

बसलं का?

जुसारा उत्तर शोधते,
तळहात टेबलाच्या कडेला अलगद लावून दाखवते,
अजून पूर्ण भार न टाकलेल्या माणसासारखा.
तिच्या शब्दाला माझ्याकडे एकच शब्द आहे:
टेकलं.

मग मीही टेकतो जरा, दिर्सेऊ म्हणतो,
जिने फार झाले आज.
किल्ल्यांचा जुडगा मांडीवर ठेवून
तो खुर्चीच्या अगदी कडेला बसतो.
यंत्र पुढचा रेणू उचलतं.